हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की बँकेच्या शाखेबाहेर सकाळी दहाच्या आधीच पेन्शनरांची रांग लागायची. कानटोप्या, स्वेटर, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले पासबुक. प्रत्येकाचे काम एकच, आपण अजून जिवंत आहोत हे आमच्या समोर येऊन सहीनिशी सांगणे. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. माझ्या अडतीस वर्षांच्या नोकरीत असे हजारो दाखले माझ्या हाताखालून गेले असतील. एकदा ब्याऐंशी वर्षांचे एक निवृत्त गुरुजी फॉर्म पुढे सरकवत मला म्हणाले होते, “साहेब, मी जिवंत आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. तुमची खात्री पटते का तेवढं बघा.” २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आले आणि यंत्रावर बोट टेकवून हयात सिद्ध होऊ लागली. तरीही मी निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २०२० सालापर्यंत, काही म्हातारे हट्टाने शाखेतच यायचे. आपण जिवंत आहोत हे यंत्राला सांगण्यापेक्षा माणसाला सांगावे असे त्यांना वाटत असावे.

आता एखाद्याचा हा दाखला अठराशे वर्षे थकला असेल तर बँकेने काय करावे?

प्रश्न थट्टेचा वाटेल, पण ज्यांच्याबद्दल तो पडतो त्यांच्याकडे जगभरातील लाखो माणसे आज श्रद्धेने पाहतात. हिमालयात देह धारण करून राहिलेले, कधीही न मरणारे योगी म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते महावतार बाबाजी. परमहंस योगानंदांच्या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मचरित्राने हे नाव जगभर नेले. ‘योगी कथामृत’ या नावाने ते मराठी घरांतही पोहोचले. ‘बीटल्स’च्या १९६७ सालच्या एका गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील गर्दीत बाबाजींचे चित्र आहे. २००२ साली रजनीकांतने त्यांच्यावर ‘बाबा’ नावाचा चित्रपट काढला. असे असूनही, हे बाबाजी नेमके कोण, याचे उत्तर विचारायला गेलो की तीन ठिकाणची तीन उत्तरे मिळतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

या प्रश्नात मला रस आहे तो कादंबरीकार म्हणून नव्हे आणि साधक म्हणून तर मुळीच नव्हे. हा प्रश्न आमच्या घरात शिरला होता. १९७४ च्या मे महिन्यात माझे धाकटे काका, आम्ही त्यांना बापूकाका म्हणत असू, वाईच्या आमच्या घरातून निघून गेले. सरकारी खात्यात कारकून, वय छत्तीस, घरी काकू आणि सहा वर्षांची मुलगी. त्यांच्या उशाशी खाकी कागदाचे वेष्टन घातलेले योगानंदांचे इंग्रजी पुस्तक कित्येक महिने होते. जाताना ते त्यांनी नेले नाही. नंतर तीन पोस्टकार्डे आली, एक हरिद्वारहून, एक रानीखेतहून आणि शेवटचे १९७५ च्या फेब्रुवारीत द्वाराहाटहून. सगळ्यांचा मायना एकच, ‘चि. सौ.’ आणि पुढे काकूंचे नाव. शेवटच्या कार्डात लिहिले होते की पुढचा पत्ता निश्चित नाही. त्यानंतर काही आले नाही. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा होतो.

पुढे बँकेत लागल्यावर ते पुस्तक मी प्रथम वाचले ते एका हरवलेल्या माणसाचा माग काढणाऱ्याच्या नजरेने, आणि नंतर अनेकदा वाचले ते आमच्या धंद्यात लेखापरीक्षक खतावणी वाचतो तसे. म्हणून आधी हिशेब मांडतो.

पहिले खाते योगानंदांचे. यात बाबाजींना जन्मतारीख नाही, जन्मगाव नाही, कुळ नाही. इतिहासात त्यांचा कुठे उल्लेख सापडत नाही हे योगानंद स्वतःच सांगून टाकतात, आणि हा प्रामाणिकपणा मला नेहमीच आवडत आला आहे. बद्रीनारायणाच्या आसपासच्या डोंगरांत त्यांचा वावर, वय दिसायला पंचविशीचे, केस तांबूस. शंकराचार्यांना आणि कबीरांना त्यांनी योगदीक्षा दिली अशी परंपरा. शिष्यांनी लावलेली नावे बरीच आहेत, त्यातले एक ‘त्र्यंबक बाबा’ वाचून नाशिककडचा वाचक क्षणभर थबकेल. छायाचित्र नाही. योगानंदांनी चित्रकाराला समोर बसवून वर्णनावरून काढून घेतलेले एक रेखाचित्र आहे, आणि आज ठिकठिकाणी लोक पूजतात ते त्याचेच घराणे.

पुरावा काय? मुख्य साक्षीदार श्यामाचरण लाहिरी. जन्म १८२८, लष्कराच्या बांधकाम खात्यात हिशेबनीस, बायकामुले असलेला बंगाली गृहस्थ. १८६१ साली दानापूरहून त्यांची बदली रानीखेतला झाली, तिथे द्रोणगिरीच्या डोंगरात कोणीतरी त्यांना नावाने हाक मारली, आणि बाबाजींची भेट झाली. मात्र लाहिरी महाशय १८९५ मध्ये गेले तेव्हा योगानंद दोन वर्षांचे होते. ही हकिकत योगानंदांनी ऐकली ती लाहिरींचे शिष्य केवलानंद यांच्याकडून, आणि छापली घटनेनंतर पंच्याऐंशी वर्षांनी. न्यायालयात याला ऐकीव पुरावा म्हणतील. दुसरी एक बाब लेखापरीक्षकाच्या सवयीने माझ्या नजरेत भरली. रानीखेतची लष्करी छावणी वसली १८६९ साली. आता छावणी वसायच्या आधी जागा पाहणे, मोजणी, रस्ते ही कामे चालतातच, तेव्हा एवढ्यावरून हकिकत खोटी ठरत नाही. पण समासात पेन्सिलीने एक खूण करून ठेवावी एवढी ती बाब आहे. लाहिरींशिवाय त्यांचे शिष्य श्रीयुक्तेश्वर यांना १८९४ च्या प्रयागच्या कुंभात बाबाजी भेटले, आणि अमेरिकेला निघण्याआधी १९२० साली खुद्द योगानंदांना कलकत्त्याच्या घरी भेटले, असे पुस्तक सांगते. साक्षीदार तिघे, पण तिघेही एकाच परंपरेतले.

दुसरे खाते तमिळ. १९५२ साली मद्रासमध्ये पत्रकार व्ही. टी. नीलकंठन आणि एस. ए. ए. रामय्या यांनी ‘क्रिया बाबाजी संघम्’ स्थापन केला. बाबाजी आपल्याला दर्शन देऊन मजकूर सांगतात असा नीलकंठनांचा दावा होता. या खात्यात सगळे रकाने भरलेले आहेत. मूळ नाव नागराज. जन्म ३० नोव्हेंबर २०३. गाव परंगीपेट्टै, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे. लहानपणी अपहरण, नंतर साधूंबरोबर भ्रमंती, श्रीलंकेतील कतिर्गामम् येथे सिद्ध बोगर हे गुरू, कुत्रालम् येथे अगस्त्यांकडून दीक्षा, आणि मग बद्रीनाथ. योगानंदांनी रिकाम्या सोडलेल्या प्रत्येक जागेत इथे काहीतरी लिहिलेले आहे. परंगीपेट्टैला जन्मस्थानाचे मंदिरही आहे. खरे सांगायचे तर बँकेतल्या माणसाला अतिपूर्ण फॉर्मचीच जास्त भीती वाटते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या राजांच्या जन्मतारखा जिथे मिळत नाहीत तिथे एका मुलाची तारीख महिन्यासकट मिळते, ती अर्थातच कागदातून आलेली नाही, दर्शनातून आलेली आहे. दर्शनावर विश्वास ठेवणाऱ्याशी माझे भांडण नाही. त्याला इतिहासाचा शिक्का मारू नये एवढेच.

तिसरे खाते कुमाऊंतले, हैडाखानचे. काठगोदामच्या पुढे गौतमी गंगेच्या काठी हे गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे हैडाखान बाबा नावाचे एक विख्यात सिद्ध पुरुष वावरत, आणि १९२२ साली काली व गोरी नद्यांच्या संगमात ते अंतर्धान पावले असे भक्त सांगतात. १९७० साली त्याच गावी एक तरुण प्रकटला. हेच ते, अशी अनेकांची खात्री पटली. पुढे काहींनी आणखी एक पाऊल टाकले, की योगानंदांचे बाबाजी ते हेच. या तरुण बाबांना जुन्या हैडाखान बाबांशी आपले ऐक्य न्यायालयापुढे शपथेवर सांगावे लागले, अशी हकिकत भक्तमंडळी सांगतात. पन्नास वर्षांपूर्वीचे खाते पुन्हा चालू करायला खातेदार वयाने विशीत हजर होतो, ही कल्पना मला अजून झोपेत दचकवते. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी हैडाखानलाच त्यांनी देह ठेवला. अमर कसे मेले, असे कोणी विचारले तर भक्त म्हणतात की वस्त्र टाकले, माणूस आहे तो आहेच.

तीन खाती, तीन नमुना सह्या. माझ्या जुन्या सवयीप्रमाणे मी शेरा मारला असता, ‘सह्या जुळत नाहीत’, आणि फाइल परत पाठवली असती.

आपल्याकडच्या वाचकाला यातले काहीच फार नवे वाटू नये. नृसिंह सरस्वती श्रीशैलाच्या कर्दळीवनात गुप्त झाले आणि तेच पुढे अक्कलकोटला स्वामी समर्थ म्हणून प्रकटले ही आपल्याकडच्या असंख्य घरांतली श्रद्धा आहे. हैडाखानची कथा त्याच साच्यातली. सात चिरंजीवांची नावे आपल्याला पाठ असतात, आणि नर्मदा परिक्रमा करून आलेल्यांपैकी कोणीतरी शूलपाणीच्या जंगलात अश्वत्थामा भेटल्याचे, जखमेसाठी त्याने तेल मागितल्याचे सांगतोच. आपल्या अमरांचे हे एक वैशिष्ट्य आहे. अश्वत्थाम्याला अमरत्व मिळाले ते शिक्षा म्हणून.

आणि चांगदेव! चौदाशे वर्षे काळाला चुकवणारा हा योगी वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आळंदीला निघाला. निघण्याआधी पत्र लिहायला बसला तर अडला तो मायन्यावर. ज्ञानदेव वयाने पोर, तेव्हा ‘चिरंजीव’ लिहावे तर ज्ञानाने थोर, ‘तीर्थरूप’ लिहावे तर वयाने नातवंडांहून लहान. शेवटी कागद कोराच गेला. तो पाहून मुक्ताबाई हसली आणि म्हणाली की चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला. पुढे याच मुलीला त्याने गुरू केले. जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे जुने मंदिर आहे, मी भुसावळला असताना अनेकदा गेलो आहे. त्या कथेत अमर माणसाला महत्त्व मिळते ते तो एका पोरीपुढे नमतो म्हणून, वर्षांच्या संख्येला तिथे कोणी विचारीत नाही. ‘चिरंजीव’ हा शब्द तर आपण इतका घरगुती करून टाकला आहे की लग्नपत्रिकेत प्रत्येक मुलाच्या नावामागे ‘चि.’ लागतो आणि कोणाला देवाधर्माची आठवणही होत नाही.

तर ओळखीच्या प्रश्नाने माझे फारसे अडले नाही. अडले ते पुढे, बाबाजींच्या कथेत प्रत्यक्ष घडते काय हे पाहताना.

लाहिरींची गोष्ट पुन्हा वाचा. द्रोणगिरीच्या गुहेत त्यांना पूर्वजन्मीचे आसन आणि भांडे दाखवले जाते. रात्री त्यांच्यासाठी सोन्याचा महाल उभा केला जातो, कारण कुठल्यातरी जन्मी महालाची इच्छा राहून गेली होती. दीक्षा होते. दिवस समाधीत जातात. आणि मग लाहिरी म्हणतात, आता मी इथेच राहतो. कोणत्याही शिष्याने म्हणावे तेच. अमर गुरू त्यांना परत पाठवतात. घरी जा, बायकामुलांत राहा, नोकरी करा, आणि तुमच्यासारख्याच प्रपंचात गुंतलेल्या माणसांना हे शिकवा. लाहिरी डोंगर उतरून कचेरीत येतात तो वरिष्ठांचे पत्र वाट पाहत असते, की तुमची बदली चुकून झाली, रानीखेतला दुसरा माणूस जायचा होता, तुम्ही दानापूरला परत या. ज्याने सरकारी किंवा बँकेच्या नोकरीत बदल्या भोगल्या आहेत त्याला हा प्रसंग वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही. सगळ्या चमत्कारांत मला सर्वांत पटणारा चमत्कार हाच. मुख्य कचेरीने स्वतःची चूक लेखी कबूल केली.

त्यानंतर लाहिरी महाशय १८८६ पर्यंत नोकरीत राहिले, पेन्शन घेतली, आणि काशीच्या घरी अखेरपर्यंत गृहस्थ म्हणूनच राहिले. मठ काढला नाही, भगवी वस्त्रे घातली नाहीत. हिंदूंबरोबर मुसलमानही शिष्यांत होते. क्रियायोग शिकायला येणाऱ्याला घर सोडायला त्यांनी लावले नाही. पुढे या वारशावर संस्था उभ्या राहिल्या, आणि नावांचे व लेखांचे हक्क कोणाचे यावरून योगानंदांच्या अनुयायांच्या दोन संस्थांत १९९० पासून बारा वर्षे अमेरिकेतील न्यायालयांत दावे चालले. असो, वारसा म्हटला की कोर्ट आलेच.

आणखी एक प्रसंग. मुरादाबादला काही मित्र लाहिरींची टिंगल करतात, असे योगी आता कुठे असतात म्हणून. लाहिरी हट्टाला पेटून बंद खोलीत बाबाजींना बोलावतात. बाबाजी येतात, लोक त्यांना हात लावून पाहतात, आमच्या भाषेत प्रत्यक्ष पडताळणी करतात. मग शंका राहू नये म्हणून शिरा करायला सांगतात आणि सगळ्यांबरोबर खातात. पण जाताना लाहिरींना बजावतात की क्षुल्लक कारणासाठी मला बोलावलेस, यापुढे तू बोलावशील तेव्हा नव्हे, तुला गरज असेल तेव्हा येईन. म्हणजे हयातीचा दाखला एकदा दिला, आणि पुन्हा देणार नाही असे तिथेच सांगून टाकले.

पण या सगळ्यात, बाबाजींच्या अमरत्वाचे कारण काय, हे पुस्तकात जिथे सांगितले आहे तिकडे भक्तांचेही लक्ष कमी जाते. रामगोपाळ मुझुमदार नावाच्या साधकाने सांगितलेली आठवण आहे. काशीच्या दशाश्वमेध घाटाजवळ रात्री एक गुहा उघडते, तिच्यातून बाबाजींची बहीण, जिला माताजी म्हणतात, बाहेर येते. लाहिरीही तिथे येतात, मागोमाग बाबाजी येतात. बाबाजी म्हणतात, मी आता देह टाकून अनंतात विलीन होणार आहे. बहीण विचारते, का? बाबाजी म्हणतात, देहाने असलो काय आणि नसलो काय, फरक काय? बहीण म्हणते, फरक नसेल तर मग देह टाकू नका. बाबाजी म्हणतात, बरे, नाही टाकत. निदान थोड्या माणसांना तरी मी दिसत राहीन.

एवढेच आहे. तप नाही, अमृत नाही, कायाकल्प नाही. बहिणीने एक साधा प्रश्न विचारला आणि भाऊ थांबला. हे वाचताना मराठी माणसाला ताटीचे अभंग आठवणारच. जगावर रुसून, ताटी लावून आत बसलेल्या ज्ञानदेवांना बाहेर बोलावणारीही धाकटी बहीणच होती. पुढे ज्ञानदेवांनी एकविसाव्या वर्षी संजीवन समाधी घेतली, ते थांबले नाहीत. पण त्या दिवशी दार उघडून ते बाहेर आले होते. काशीच्या त्या रात्री घडले की नाही हे कोणत्याही पुराव्याने ठरणार नाही. मात्र ज्याने कोणी ही गोष्ट प्रथम सांगितली त्याला अमरत्व म्हणजे काय वाटत होते हे तिच्यात स्पष्ट दिसते. अमर तो, जो जायला मोकळा असूनही कोणीतरी नको म्हटले म्हणून गेला नाही. मला या योग्याचे रूप समजले ते इतकेच, आणि ते जन्मतारखेत किंवा जन्मगावात नाही. तीन खात्यांच्या वादात शिरलेल्या मंडळींना ही गोष्ट पाठ असते, पण ती ओळख म्हणून कोणी पुढे ठेवत नाही.

आमच्या बापूकाकांनीही ती वाचली असणार.

१९८९ साली मी नुकताच अधिकारी झालो होतो आणि नियम मला नवीन बुटांसारखे करकरत होते. काकांच्या नावे एका बँकेत ठेव होती, कचेरीकडून काही रक्कम यायची होती. तेव्हाच्या पुरावा कायद्याचे कलम १०८ मला पाठ होते. सात वर्षे ज्याची खबर नाही त्याला मृत मानता येते. हे कलम आता २०२४ पासून नव्या कायद्यात गेले आहे, पण सात वर्षे तीच आहेत. काकू बालवाडीत शिकवून घर चालवत होत्या. मुलगी कॉलेजला होती, पैशांची गरज उघड होती. मी कागद तयार करून वाईला गेलो.

“काकू, इथं सही कर. बाकी कोर्टाचं मी बघतो.”

“सही कशावर?”

“काका... म्हणजे कायद्यानं आता ते नाहीत असं धरायचं.”

त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या बँकेला माणूस जिवंत असल्याचा दाखला लागतो, नाहीतर मेल्याचा. माझ्याकडं दोन्ही नाही रे. मी काय लिहून देऊ?”

मी वाद घातला. त्यातले काही शब्द आज आठवले तरी लाज वाटते. तू हे कुंकू कोणाच्या भरवशावर लावतेस, इथपर्यंत मी गेलो. त्यांनी सही केली नाही. चहा केला. मी न पिता एसटी पकडली. त्यांच्या नावामागे त्यांनी अखेरपर्यंत ‘सौ.’ लावले, रेशनकार्डावर, बालवाडीच्या हजेरीपटावर, लाइटच्या बिलासाठी दिलेल्या अर्जावरही.

बऱ्याच वर्षांनी, आमचे बोलणे पुन्हा नीट सुरू झाल्यावर, मी एकदा त्यांना लाहिरींची गोष्ट सांगितली. गुहा, महाल, दीक्षा, आणि मग ‘घरी जा’ म्हणून परत पाठवणे. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला.

“हे त्या पुस्तकात आहे?”

“हो.”

“यांच्या उशाशी होतं त्यात?”

“त्यातच.”

“मग त्या पानाशी यांना झोप लागली असणार,” त्या म्हणाल्या. “रात्री वाचताना नेहमी झोप लागायची त्यांना. चष्मा मीच काढून ठेवायची.”

२०१८ च्या ऑक्टोबरात मी द्वाराहाटला गेलो. काठगोदामपर्यंत रेल्वे, तिथून रानीखेत, मग द्वाराहाट आणि पुढे कुकुछिना. तिथून बाबाजींच्या गुहेकडे बांज आणि चिडाच्या झाडांतून चढण आहे. वाटेत तमिळ बोलणारे तरुण भेटले, रजनीकांत इथे येतो हे त्यांना पक्के माहीत होते. दोन अमेरिकन बायका अनवाणी चढत होत्या. पुण्याच्या एका ग्रुपने माझ्याकडून फोटो काढून घेतला. गुहा लहान आहे. आत काही माणसे डोळे मिटून बसली होती, मीही बसलो. मला काही दिसले नाही, गुडघे मात्र दुखले. पण तिथल्या शांततेबद्दल लोक जे बोलतात ते खोटे नाही, एवढे नमूद करतो.

उतरल्यावर चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी काकांची तिन्ही पोस्टकार्डे बरोबर नेली होती. त्यांना विचारले, १९७५ च्या सुमाराला महाराष्ट्रातले कोणी इथे साधू होऊन राहिल्याचे आठवते का? नाव सांगितले. त्यांनी कार्ड उलटेसुलटे करून पाहिले. “यहाँ नाम कौन पूछता है साहब,” ते म्हणाले. “जो भी ऊपर रहा, हमारे लिए बाबाजी ही रहा।”

पहाडात बाबाजी हे विशेषनाम नाही हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते. आपण बुवा म्हणतो, महाराज म्हणतो, तसे ते कोणत्याही साधूला म्हणतात. चहाचे पैसे त्या गृहस्थांनी मला देऊ दिले नाहीत.

काकू २०१३ मध्येच गेल्या होत्या. माझ्या चुलतबहिणीने वर्तमानपत्रात निधनवार्ता दिली तेव्हा नावामागे काय लावायचे असे तिकडच्या माणसाने फोन करून विचारले होते. तिने जे सांगितले तेच छापले गेले.

गेल्या पावसाळ्यात संगणकावर सहज शोधता शोधता त्या बँकेच्या दावा न केलेल्या ठेवींची यादी उघडली. या याद्या आता संकेतस्थळावर लावतात. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात, पण खातेदाराचा हक्क बुडत नाही. तो स्वतः आला, किंवा मृत्यूचा दाखला घेऊन वारस आला, तर पैसे केव्हाही परत मिळतात. त्याला मुदत नाही. यादीत काकांचे संपूर्ण नाव होते आणि पत्ता होता वाईच्या वाड्याचा. तो वाडा पडून तिथे चार मजली इमारत उभी राहिल्यालाही आता बरीच वर्षे झाली.

मी बहिणीला फोन केला. आता काही अडचण नाही, मी सगळे कागद करून देतो, कोर्टाचा आदेशही मिळेल, असे सांगितले. ती नातवाला जेवू घालत होती, मागे त्याचा आरडाओरडा ऐकू येत होता.

“किती आहेत?” तिने विचारले.

“यादीत रक्कम देत नाहीत. पण व्याज धरून बरे असतील.”

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “राहू दे, दादा. आईनं ठेवलंय ते.”